बीज, क्षेत्र आणि भ्रूण : बियाच्या घडणीविषयीच्या एका वादाचा इतिहास

सारांश

बी कसे घडते आणि त्यातील भ्रूण मूलतः कोणाचा, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात सुमारे दोनशे वर्षे चर्चेत होता. भ्रूण परागकणातून येतो, बीजांडातून येतो की दोहोंच्या मीलनातून निर्माण होतो, यावर एकोणिसाव्या शतकात तीव्र मतभेद झाले. प्रस्तुत लेखात ग्रू व मालपीगी यांच्या निरीक्षणांपासून १८९८ मधील द्विफलनाच्या शोधापर्यंत या वादाचा मागोवा घेतला असून, प्रा. पंचानन माहेश्वरी यांच्या दिल्ली येथील संशोधन-परंपरेचे स्थान, बीजांकुरणाविषयीचे ज्ञान आणि संकरित बियाण्याच्या युगात या जुन्या प्रश्नाला आलेले नवे महत्त्व यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बीजांड, परागनलिका, भ्रूण, भ्रूणपोष, द्विफलन, अंकुरण, संकरित बियाणे

प्रस्तावना

शेतकऱ्याच्या दृष्टीने बी ही आरंभाची वस्तू आहे. वनस्पतीच्या जीवनक्रमात मात्र ती एका दीर्घ प्रक्रियेची परिणती असते. फूल उमलणे, परागण होणे, फलन घडणे, भ्रूणाची वाढ होणे, अन्नसाठा भरला जाणे आणि अखेरीस ओलावा कमी होऊन जीवनक्रिया मंदावणे, एवढे टप्पे ओलांडल्यावर बी पक्व होते. शेतात पेरला जातो तो दाणा म्हणजे सुप्तावस्थेत गेलेले, शिदोरी बरोबर घेतलेले एक बालरोप असते.

आज हे विधान शालेय पाठ्यपुस्तकातही आढळते. ते सिद्ध होण्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शकाच्या शोधानंतरही दोन शतकांहून अधिक काळ लागला. निरीक्षणाची साधने अपुरी होती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, 'बीज' या शब्दाभोवती मानवी समाजाने फार पूर्वीपासून काही कल्पना गुंफून ठेवल्या होत्या आणि त्यांची छाया अभ्यासकांच्या विचारांवरही पडत होती.

बीज आणि क्षेत्र : एका रूपकाची परंपरा

पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, हे रूपक भारतीय परंपरेत सर्वपरिचित आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याची विस्तृत चर्चा येते. तेथे सामान्यतः बीजाला प्राधान्य दिलेले असले, तरी दुसऱ्याच्या शेतात पेरलेल्या बीजाचे फळ क्षेत्रस्वामीचे, असाही निर्णय दिलेला आहे. म्हणजे चर्चेचा रोख वनस्पतीवर नसून वारसा आणि स्वामित्व यांवर आहे. ग्रीक परंपरेत अ‍ॅरिस्टॉटलनेही प्राण्यांच्या जननाविषयी लिहिताना नराकडून रूप आणि मादीकडून द्रव्य येते, असे प्रतिपादन केले होते. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बीज आणि भूमी या प्रतीकांचे विश्लेषण करून, या रूपकाच्या आधारे अपत्यावरील आणि संपत्तीवरील पुरुषाचा अधिकार कसा नैसर्गिक ठरवला जातो हे दाखवून दिले.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या रूपकात एक मूलभूत चूक आहे. जमिनीत पडणारे बी हे पित्याचे प्रतिनिधी नव्हे. ते आधीच जन्मलेले अपत्य आहे आणि त्याला माता व पिता दोघेही आहेत. जमीन त्याची माता नसून केवळ त्याचे वाढण्याचे ठिकाण आहे. खरे 'क्षेत्र' कोणते असा प्रश्न विचारायचाच झाला, तर तो फुलातील बीजांडाविषयी विचारावा लागेल; आणि बीजांड केवळ क्षेत्र आहे की त्याचाही बीजात वाटा आहे, हाच एकोणिसाव्या शतकातील वादाचा गाभा होता.

प्राचीनांचे प्रत्यक्ष निरीक्षण मात्र कमी प्रतीचे नव्हते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने गहू व जव यांत मूळ आणि कोंब दाण्याच्या दोन वेगळ्या टोकांतून निघतात, तर शेंगवर्गीय बियांत ते एकाच ठिकाणाहून निघतात, असा भेद नोंदवला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बी दुधात भिजवणे, त्याला तुपाचा हात लावणे, शेणात घोळणे असे पेरणीपूर्व संस्कार सांगितले आहेत. बी कसे राखावे आणि कसे रुजवावे याचे ज्ञान होते. ते कसे निर्माण होते याचे नव्हते.

बियाचे अंतरंग : ग्रू आणि मालपीगी

डिसेंबर १६७१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वनस्पतींच्या शरीररचनेविषयीचे दोन स्वतंत्र प्रबंध आले. एक इंग्लंडमधील वैद्य नेहेमाया ग्रू याचा आणि दुसरा इटलीतील बोलोन्या येथील मार्चेल्लो मालपीगी याचा. ग्रूने आपल्या विवेचनाचा आरंभ बियापासून केला आणि त्यासाठी शेंगभाजीचे साधे बी निवडले. भिजवलेले बी सोलून त्याने दोन दले, त्यांच्यामध्ये दडलेले आदिमूळ आणि पिसासारखा कोंब यांचे वर्णन केले. भिजलेले बी दाबले असता ज्या सूक्ष्म छिद्रातून पाणी बाहेर येते, ते बीजरंध्रही त्याने पाहिले. हे निरीक्षण आजही कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पावट्याच्या किंवा घेवड्याच्या दाण्यावर करता येते.

त्या छिद्राचे प्रयोजन ग्रूला उमगणे शक्य नव्हते. परागनलिका बहुधा त्याच वाटेने बीजांडात शिरते, हे समजण्यास आणखी दीड शतक जावे लागले. मालपीगीने रुजणाऱ्या बियांच्या क्रमवार अवस्था चित्रित केल्या. बियात संपूर्ण रोप सूक्ष्म रूपात आधीच घडवून ठेवलेले असते, हे पूर्वघटनेचे मत त्या काळात प्रबळ होते. या मताच्या पुरस्कर्त्यांतही दोन तट होते. एकाच्या मते तो सूक्ष्म जीव अंड्यात असतो, तर दुसऱ्याच्या मते नराच्या बीजद्रव्यात. थोडक्यात, प्राण्यांविषयीचा हा वाद वनस्पतिशास्त्रातही येऊन पोहोचणार, हे ठरल्यासारखेच होते.

ट्युबिंगेन येथील रुडॉल्फ कॅमेरारियस याने १६९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्ररूप प्रबंधाने या चर्चेला प्रयोगाचा आधार दिला. एरंडाच्या झाडावरील नरफुले उमलण्यापूर्वीच काढून टाकल्यास बी धरत नाही, मक्याच्या कणसावरील केसर कापल्यास दाणे भरत नाहीत, नरवृक्षापासून दूर वाढलेल्या तुतीच्या फळांत पोकळ बिया असतात, अशी निरीक्षणे त्याने मांडली. वनस्पतींमध्ये लिंगभेद आहे आणि परागाशिवाय बी नाही, हे त्याने सिद्ध केले. पराग नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढे योझेफ गॉटलीब कोलरॉयटर याने १७६० पासून तंबाखूच्या जातींचे संकर करून संकरित रोपांत दोन्ही जनकांचे गुण दिसतात हे दाखवले, आणि योझेफ गेर्टनर याने १७८८ ते १७९१ या काळातील आपल्या ग्रंथात एक हजाराहून अधिक वनस्पतींच्या फळांचे व बियांचे वर्णन केले. रचनेचे ज्ञान वाढले. उत्पत्तीचे रहस्य कायम राहिले.

परागनलिका आणि श्लायडेनचा सिद्धांत

या रहस्याची पहिली उकल एका साध्या रानभाजीने केली. महाराष्ट्रात 'घोळ' या नावाने ओळखली जाणारी भाजी, म्हणजे पोर्टुलॅका ओलेरॅसिया, ही इटलीतील सूक्ष्मदर्शक-निर्माते जोव्हान्नी बात्तिस्ता आमीची यांच्या निरीक्षणाचा विषय होती. तिच्या कुक्षीवरील केस पाहत असताना त्याला चिकटलेल्या परागकणातून एक नळी बाहेर पडताना दिसली. हे निरीक्षण १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८३० मध्ये आमीचीने ही नळी कुक्षीपासून अंडाशयात आणि तेथून बीजांडापर्यंत पोहोचते, असे कळवले.

आता निर्णायक प्रश्न उभा राहिला : बीजांडात पोहोचल्यावर ही नळी काय करते? १८३७ मध्ये माथियास याकोब श्लायडेन याने त्याचे धीट उत्तर दिले. त्याच्या मते परागनलिकेचे टोक भ्रूणकोशात शिरते, फुगते, आणि तेच भ्रूण बनते. बीजांडाचे काम केवळ त्याला आश्रय देण्याचे आणि पोसण्याचे. हे मत स्वीकारले, तर वनस्पतींमध्ये दोन घटकांचे मीलन असे काही उरतच नव्हते आणि कोलरॉयटरच्या संकरांतील मातृगुणांचा उलगडा होत नव्हता. श्लायडेनने आपली मांडणी बीज-क्षेत्राच्या भाषेत केली नव्हती. परागाला 'नर' म्हणण्यालाच त्याचा आक्षेप होता. तरीही त्याच्या सिद्धांताचा आकार त्या प्राचीन रूपकाशी विलक्षण जुळणारा आहे. बाहेरून येणारे तेच खरे अपत्य, आणि आतले ते केवळ शेत.

श्लायडेनचे स्थान लक्षात घेता या सिद्धांताला लाभलेला पाठिंबा आश्चर्यकारक वाटत नाही. पेशी हा सर्व वनस्पतींचा घटक आहे असे १८३८ मध्ये प्रतिपादन करणारा तो शास्त्रज्ञ होता आणि त्याचे पाठ्यपुस्तक प्रभावी ठरले होते. हेर्मान शाख्ट याने या मताच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधाला अ‍ॅमस्टरडॅम येथील विद्वत्संस्थेचे पारितोषिकही मिळाले. शास्त्रीय सत्याचा निर्णय पारितोषिकांनी होत नाही, याचे हे एक बोलके उदाहरण ठरले.

होफमाइस्टरचा निर्णय

विरोधाचा पहिला भक्कम पुरावा पुन्हा आमीचीनेच दिला. १८४६ मध्ये त्याने ऑर्किडच्या बीजांडात, परागनलिका पोहोचण्यापूर्वीच, भ्रूणकोशामध्ये एक पेशी अस्तित्वात असते आणि नळी आल्यानंतर तीच वाढून भ्रूण बनते, हे दाखवले. युक्तिवाद सरळ होता. जी वस्तू पाहुणा येण्याआधीच घरात होती, ती पाहुण्याने आणली असे म्हणता येत नाही.

त्यानंतर वादाचा निकाल लावणारे काम केले ते विल्हेल्म होफमाइस्टर याने. १८२४ मध्ये लाइपझिग येथे जन्मलेला होफमाइस्टर विद्यापीठात शिकलेला नव्हता. वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या व पुस्तकविक्रीच्या व्यवसायात तो काम करीत असे आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यास त्याने स्वतःच्या हिमतीवर, फावल्या वेळात केला. दृष्टी अतिशय अधू असूनही तो बीजांडाचे सूक्ष्म छेद अत्यंत कौशल्याने घेत असे. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अनेक वनस्पतींच्या भ्रूणोत्पत्तीचा क्रमवार, सचित्र पुरावा होता. सर्वत्र निष्कर्ष एकच : परागनलिकेचे टोक भ्रूणकोशाबाहेर किंवा त्याला चिकटून राहते, भ्रूण घडतो तो भ्रूणकोशात आधीपासून असलेल्या अंडपेशीपासून.

१८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत श्लायडेनने आपले मत सोडले आणि शाख्टनेही माघार घेतली. होफमाइस्टरला १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. पदवी नसलेल्या एका पुस्तकविक्रेत्याने तत्कालीन सर्वांत प्रतिष्ठित वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एकाचा सिद्धांत केवळ निरीक्षणाच्या बळावर बाजूला सारला, ही घटना अध्यापकवर्गाने विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. होफमाइस्टरने अंडपेशीचा वाटा सिद्ध केला. परागाचा वाटा नेमका कोणता हे त्यालाही दिसले नव्हते. नळीतून काही द्रव झिरपत असावा, एवढाच त्या काळचा समज होता. १८८४ मध्ये बॉन येथील एडुआर्ड श्ट्रासबुर्गर याने परागनलिकेतून आलेले नरकेंद्रक अंडपेशीच्या केंद्रकाशी एकरूप होताना पाहिले, तेव्हाच दोन्ही जनकांचा वाटा समान पातळीवर स्पष्ट झाला. ज्या अभ्यासकांनी 'एक की दुसरा' असा प्रश्न मांडला होता, त्यांना निसर्गाने 'दोघेही' असे उत्तर दिले.

दुसरे मीलन : भ्रूणपोषाचा शोध

परागनलिकेतून दोन नरकेंद्रके येतात. एक अंडपेशीशी मिळते. मग दुसऱ्याचे काय होते? ऑगस्ट १८९८ मध्ये कीव्ह येथे भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात सेर्गेई नवाशिन याने लिली व फ्रिटिलरिया या वनस्पतींतील निरीक्षणांच्या आधारे त्याचे उत्तर जाहीर केले. दुसरे नरकेंद्रक भ्रूणकोशाच्या मध्यभागी असलेल्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळते आणि त्या त्रिवेणी संगमातून भ्रूणपोष (पुष्क) निर्माण होतो. १८९९ मध्ये पॅरिस येथील लेओं गिन्यार याने स्वतंत्रपणे हेच सचित्र दाखवले. या घटनेला द्विफलन असे म्हटले जाते.

या शोधाने एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. पांढऱ्या मक्याच्या कणसावर पिवळ्या मक्याचा पराग पडल्यास त्याच कणसात पिवळे दाणे उमटतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. मातृवृक्षाच्या फळात पित्याचा रंग तत्काळ कसा दिसतो, हे मात्र समजत नव्हते. द्विफलनाच्या शोधानंतर ह्यूगो द व्ह्रीस आणि कार्ल कोरेन्स यांनी दाखवून दिले की, हा रंग भ्रूणपोषाचा असतो आणि भ्रूणपोषालाही पिता असतो. मेंडेलच्या नियमांचा पुनर्शोध लावणाऱ्यांत हेच दोघे होते आणि तो १९०० मध्ये, म्हणजे लगेच पुढल्या वर्षी लागला, हा योगायोग नव्हे.

आधुनिक दृष्टीने पाहता एका बियात तीन भिन्न वंशवारसे एकत्र नांदतात. बीजावरण संपूर्णतः मातेचे. भ्रूणात माता व पिता यांचा वाटा समसमान. भ्रूणपोषात सामान्यतः मातेचे दोन आणि पित्याचा एक, असे तीन गुणसूत्रसंच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू या धान्यांच्या दाण्याचा बहुतांश भाग भ्रूणपोषाचाच असतो. म्हणजे मनुष्यजातीचा मुख्य आहार हा फुलातील त्या दुसऱ्या, दीर्घकाळ दृष्टीआड राहिलेल्या मीलनाचे फलित आहे. हरभरा, वाल, भुईमूग यांत मात्र भ्रूण वाढताना भ्रूणपोष जवळजवळ संपवतो आणि अन्नसाठा दलिकांत येतो. म्हणूनच त्यांची डाळ दोन भागांत सुटते.

नारळात भ्रूणपोष आरंभी द्रवरूप असतो; शहाळ्यातील पाणी ते हेच, आणि खोबरे म्हणजे त्याचाच पेशीमय झालेला भाग. १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक, कॉन्क्लिन आणि ब्लेकस्ली यांनी धोतऱ्याचे अतिकोवळे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी नारळाचे पाणी वापरले आणि ते यशस्वी ठरले. एका वनस्पतीच्या भ्रूणासाठी निसर्गाने सिद्ध केलेले अन्न दुसऱ्या, दूरच्या वनस्पतीच्या भ्रूणालाही मानवले.

दिल्ली येथील संशोधन-परंपरा

बीजोत्पत्तीच्या अभ्यासात भारताने मानाचे स्थान मिळवले ते प्रा. पंचानन माहेश्वरी यांच्यामुळे. १९०४ मध्ये जयपूर येथे जन्मलेले माहेश्वरी अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन महाविद्यालयात विनफील्ड डजन या अमेरिकन अध्यापकाचे विद्यार्थी होते. गुरुदक्षिणा काय द्यावी असे विचारल्यावर, 'मी तुझ्यासाठी जे केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर', अशा आशयाचे उत्तर डजन यांनी दिल्याचे सांगितले जाते. ढाका येथे दहा वर्षे अध्यापन केल्यानंतर १९४९ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. १९५१ मध्ये त्यांनी वनस्पतिरचनाशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था आणि तिचे नियतकालिक सुरू केले.

माहेश्वरींच्या प्रयोगशाळेने वर्णनाकडून प्रयोगाकडे निर्णायक पाऊल टाकले. १९६२ मध्ये कुसुम कांता, एन. एस. रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या बीजांडांचे परागकणांशी परीक्षानलिकेतच फलन घडवून आणून त्यांपासून बी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. १९६४ मध्ये सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी त्याच विभागात धोतऱ्याचे परागकोश संवर्धन माध्यमात ठेवले असता परागकणांपासून थेट भ्रूण निर्माण झाल्याचे दाखवले.

या दुसऱ्या शोधाकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहिल्यास त्यातील मौज ध्यानात येते. परागकणापासून भ्रूण बनतो, हे श्लायडेनचे विधान निसर्गातील बियाबाबत चुकीचे होते. परंतु परागकणात भ्रूण घडवण्याची क्षमता आहे, हे सव्वाशे वर्षांनंतर दिल्लीत सिद्ध झाले. अर्थात त्यामुळे श्लायडेनचा सिद्धांत पुनरुज्जीवित होत नाही. असे भ्रूण केवळ एका गुणसूत्रसंचाचे, म्हणजे अर्ध्याच वारशाचे असतात. वनस्पती-प्रजननात शुद्ध वाण लवकर मिळवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, तो याच कारणाने.

बी रुजते तेव्हा

बीजोत्पत्तीचा वाद मिटत असताना बीजांकुरणाच्या अभ्यासालाही व्यवस्थित रूप येत होते आणि त्यामागे बाजारातील फसवणुकीचे कारण होते. जर्मनीतील थारांट येथे फ्रीड्रिख नोबे याने १८६९ मध्ये जगातील पहिले बीजपरीक्षण केंद्र सुरू केले, कारण विक्रीच्या बियाण्यात भेसळ आणि निर्जीव बी सर्रास आढळत होते. शेतकऱ्याला बियाचे वजन पाहता येते, जिवंतपणा पाहता येत नाही. तो पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मोजून बी रुजत घालणे. भारतात यासाठी १९६६ चा बियाणे कायदा झाला आणि उगवणक्षमतेची किमान प्रमाणे ठरवली गेली.

रुजण्याची अंतर्गत यंत्रणा टप्प्याटप्प्याने उलगडली. १८३३ मध्ये पायँ आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवातून पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला. विकरांच्या इतिहासातील हे पहिले पाऊल होय. १८९० मध्ये गॉटलीब हाबरलांट याने हे विकर धान्याच्या भ्रूणपोषाभोवतीच्या अ‍ॅल्यूरोन थरातून स्रवते हे दाखवले. १९६० मध्ये पेलेग व योमो यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की, त्या थराला जागे करण्याचा संदेश जिबरेलिन या संप्रेरकाचा असतो. भ्रूण पाणी मिळताच संदेश पाठवतो, अ‍ॅल्यूरोन थर विकर सोडतो आणि कोठार उघडते. नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करणारी गृहिणी हीच क्रिया योग्य क्षणी थांबवून तिचा लाभ घेत असते.

बी किती काळ जिवंत राहते, या प्रश्नावरील सर्वांत धीराचा प्रयोग १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील याने सुरू केला. त्याने वीस बाटल्यांत विविध तणांच्या बिया वाळूत मिसळून जमिनीत पुरल्या आणि ठरावीक अंतराने एकेक बाटली काढण्याची योजना केली. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील काही बिया सुमारे १४१ वर्षांनंतरही रुजल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये काढायची आहे. मृत समुद्राजवळील मसाडा येथील उत्खननात मिळालेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये पेरले असता उगवले. पिरॅमिडमधील गहू रुजल्याच्या कथा मात्र कोणत्याही परीक्षेत टिकल्या नाहीत. उलटपक्षी आंबा, फणस यांच्या बिया वाळवल्या की मरतात. त्यांची साठवण बीजपेढीत करता येत नाही, त्यांची झाडेच राखावी लागतात.

शेतातील प्रश्न

भ्रूणाच्या जनकत्वाचा हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला एच-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस मानला जातो. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात मजूर, त्यातही बहुसंख्य स्त्रिया, मादी वाणाच्या कळ्यांतील परागकोश हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी नर वाणाचा पराग कुक्षीवर लावतात. कॅमेरारियसने १६९४ मध्ये एरंडावर केलेला प्रयोग आता शेतात रोजंदारीवर, दिवसाला शेकडो फुलांवर केला जातो. जालन्यासारख्या शहरात उभा राहिलेला बियाणे-व्यवसाय या ज्ञानावरच आधारलेला आहे.

संकरित बियाण्याचा गुण पुढील पिढीत टिकत नाही. कारण पुन्हा द्विफलन होते, पुन्हा वाटणी होते आणि रोपे एकसारखी येत नाहीत. परिणामी शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. मात्र संकरित वाणाच्या बाबतीत कायद्याने दिलेला हक्क निसर्गाचा नियम निष्फळ करतो. घरचे बी राखता येते. त्यातील जोम राखता येत नाही.

फलनाविना बी धरणाऱ्या वनस्पती निसर्गात आहेत. संत्र्याच्या एका बियात एकाहून अधिक भ्रूण असल्याचे लेव्हेनहूकने अठराव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते. त्यांतील अनेक केवळ मातृपेशींपासून घडतात आणि मातेची हुबेहूब प्रतिकृती असतात. ही युक्ती भातात आणता आली, तर संकरित वाणाचे बी शेतकऱ्याला घरीच राखता येईल. २०१९ मध्ये इम्तियाज खांडे, वेंकटेशन सुंदरेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिशेने महत्त्वाचा टप्पा गाठला. भातामध्ये फलनानंतर भ्रूणनिर्मितीला चालना देणारा एक जनुक आरंभी पित्याकडून आलेल्या प्रतीतून कार्य करतो, असे त्यांना आढळले. तो जनुक अंडपेशीतच कार्यान्वित केला असता फलनाशिवाय भ्रूण तयार होऊ लागला. त्याच्या जोडीला अर्धगुणन टाळणारे बदल केले असता मातेची प्रतिकृती असलेली बिया मिळाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, बीजाच्या घडणीचे ज्ञान एका शोधाने नव्हे, तर रचना, कार्य आणि वारसा या तीन अंगांच्या संथ जुळणीतून सिद्ध झाले. दुसरी, अधिकारी व्यक्तीचे मत आणि पारितोषिकप्राप्त निबंध यांच्यापेक्षा एका स्वयंशिक्षित निरीक्षकाचे काटेकोर छेद अखेरीस प्रभावी ठरले. तिसरी, चुकीच्या सिद्धांतातही पुढील पिढ्यांना विचारप्रवृत्त करणारा अंश असू शकतो. भ्रूण परागातून येत नाही. परंतु भातात भ्रूण घडू लागण्याची आज्ञा परागाबरोबर येते, हे आज ज्ञात झाले आहे. ती आज्ञा पाळणारी पेशी मात्र मातेची असते.

चौथी बाब सामाजिक आहे. बीज पुरुषाचे आणि क्षेत्र स्त्रीचे, या रूपकाला वनस्पतिशास्त्राचा आधार नाही. बियाचे आवरण मातेचे, अन्नातील मोठा वाटा मातेचा आणि भ्रूणात दोघांचा वाटा समान, ही वस्तुस्थिती १८९८ पासून ज्ञात आहे. वारसा आणि स्वामित्व यांविषयीचे निर्णय समाजाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावेत. त्यासाठी बियाची साक्ष काढू नये. बी कोणाचे, हा प्रश्न आजही शेतात उभा आहे. त्याचे उत्तर मनुस्मृतीतील बीज-क्षेत्राच्या चर्चेतून मिळणार नाही. ते वनस्पतीची घडण आणि शेतकऱ्याचा हक्क, या दोहोंच्या एकत्र विचारातूनच शोधावे लागेल.